उसनी हजेरी

लाँड्रीतल्या बायका तिला वकीलीण म्हणत. कोर्टाची पायरी ती उभ्या जन्मात चढली नव्हती आणि शाळा सातवीत सुटली होती, पण भिंतीवर चिकटवलेली कुठलीही सूचना ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. लोक जी बारीक अक्षरं सोडून देतात, तिथेच सरकार आपला पाय अडकवतं, हे तिला फार लवकर कळलं होतं. विधवेचा पगार अडलाय, म्हाताऱ्याचा दाखला हरवलाय, कुणाचं शिध्याचं कार्ड बंद पडलंय, असं काही झालं की लोक आधी तिच्याकडे यायचे आणि मग देवाकडे. तिच्या पिशवीत प्लॅस्टिकची एक फाइल कायम असायची. तिच्यात स्वतःचा एकही कागद नव्हता. सगळे दुसऱ्यांचे.

लाँड्री एका मोठ्या दवाखान्याची होती, तळघरात. वरून चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनचे हिरवे कपडे गाठोड्यांनी खाली येत. खाली सतरा बायका, सहा धुलाई यंत्रं, चार सुकवणी यंत्रं आणि एक मुकादम. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, अंगात सारखाच निळा कोट. त्या वाफेत सख्खी आई समोर उभी राहिली तरी ओळखू येऊ नये.

याच गोष्टीचा वकीलिणीनं फायदा करून घेतला होता.

झालं होतं असं की, मुकादमानं एके वर्षी नियम काढला. महिन्यात दोन खाडे झाले की घरी. कारण काही असो. पहिल्याच महिन्यात एका बाईचं पोर तापानं फणफणलं, तिचे तीन खाडे झाले आणि ती गेली. वकीलिणीनं वर साहेबांपर्यंत अर्ज केले. उत्तर आलं नाही. मग तिनं त्यापायी अर्ज लिहिणं सोडलं आणि बायकांना कोपऱ्यात गोळा केलं.

"यंत्राला तोंड दिसतं का?" तिनं विचारलं. दाराजवळ हजेरीचं यंत्र होतं. त्यात जाड कागदाचं कार्ड घातलं की खट्कन वेळ उठायची. "यंत्राला कार्ड दिसतं. मग ज्या दिवशी एकीला येता येणार नाही, त्या दिवशी दुसरीनं तिचं कार्ड घालायचं. बस्स."

"आणि मुकादमानं डोकी मोजली तर?"

"त्याला दहाच्या पुढे मोजता येत असतं तर तो इथे मुकादम असता का?"

हसल्या सगळ्या. तेव्हापासून त्या तळघरात उसनी हजेरी सुरू झाली. रोजंदारीवरच्या, ज्यांच्या येण्याजाण्याला ठरावीक वेळ नव्हती, त्या कायम असलेल्यांचं कार्ड घालायच्या. पगार झाला की कायमवाली त्या तासांचे पैसे मुकाट्यानं हातावर ठेवायची. कधी कुणी एक पैसा बुडवला नाही. आठ वर्षांत एकीचीही नोकरी खाड्यांपायी गेली नाही. वकीलिणीला तिच्या सगळ्या लढायांत या लढाईचा अभिमान जास्त होता, कारण ही ती कुणाच्या सहीशिवाय जिंकली होती.

तिची भाची तिच्याकडे राहायला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. थोरल्या बहिणीची मुलगी. बहिणीच्या पदरात आणखी तिघं होती आणि नवरा अंथरुणाला खिळलेला. "हिला शिकायचंय," एवढंच बहीण फोनवर म्हणाली होती. "मला जमायचं नाही. तुला जमलं तर बघ." वकीलीण म्हणाली, पाठवून दे. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा केव्हाच परागंदा झाला होता. एक खोली, एक खिडकी, एक शेगडी. त्यात आणखी एक उशी आली.

पोरगी रक्त तपासायचं शिकत होती, प्रयोगशाळेतलं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. सकाळी वर्ग, दुपारी त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर प्रॅक्टिकल आणि संध्याकाळी तळघरात रोजंदारी. दुपारी वर ती ज्या रोग्याचं रक्त काढायची, त्याचीच चादर संध्याकाळी खाली तिच्या हातात येई. "माझं गिऱ्हाईक दोन्ही मजल्यांवर आहे," असं ती म्हणायची. बोलायची कमी, पण बोलली की मावशीवर गेली आहे हे कळायचं.

आणि खायची भरपूर. उंच, मोठ्या हाडापेराची मुलगी. वकीलिणीचं शिध्याचं कार्ड एका तोंडाचं होतं. महिन्याचं पीठ, तांदूळ, डाळ, तेल आणि दूध एका माणसाच्या मापानं मिळायचं. दोघी त्यात जवळपास दोन वर्षं कशाबशा निभावत होत्या. वीस तारखेपर्यंत जेवण, पुढे काटकसर.

कार्डावर दुसरं नाव घालता येत होतं, पण शिकणाऱ्या माणसासाठी कलम वेगळं होतं. कॉलेजात जाणाऱ्याला शिधा हवा असेल तर त्यानं आठवड्याला वीस तास काम केलेलं असलं पाहिजे. हा नियम ज्यानं लिहिला त्याला बहुधा वाटत असावं की शिकणाऱ्याचं पोट त्याचे आईबाप भरतात आणि ज्याचे भरत नाहीत त्यानं शिकूच नये. उपाशी आहोत एवढं पुरत नाही, उपाशी असल्याची लायकी सिद्ध करावी लागते.

वकीलिणीनं ते कलम वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "वीस? अगं तू चोवीस करतेस! चार संध्याकाळी पाच-पाच तास, रविवारचे चार. घातलंच तुझं नाव समज."

पोरीनं बोटांवर हिशेब केला. "पण मावशी, रेडिओकाकूचे?"

रेडिओकाकू म्हणजे इस्त्रीच्या रुळावरची बाई. तोंड अखंड सुरू, म्हणून रेडिओ. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि चार-पाच महिने फार वेळ उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात कमावती तीच. तेव्हा वकीलिणीनंच ठरवलं होतं की आठवड्यातल्या दोन संध्याकाळी भाचीनं स्वतःच्या ऐवजी रेडिओकाकूचं कार्ड घालायचं. भाचीनं तेव्हाही विचारलं होतं, "माझ्या कार्डाला काही होणार नाही ना?" आणि वकीलीण फाडकन बोलली होती, "तुझं कार्ड, माझं कार्ड! या तळघरात असं मोजायला लागलो असतो ना, तर अर्ध्या बायका आज रस्त्यावर असत्या. शिकलीस म्हणून शहाणी झालीस का?"

पोरगी लाल झाली होती. पुन्हा त्यावर बोलली नव्हती. आज दुसऱ्यांदा विचारत होती.

"त्याचं काय?" वकीलीण म्हणाली. "काम तूच केलंस ना? पैसे तुलाच मिळाले ना?"

आठ वर्षांत तिची नजरच तशी झाली होती. काम ज्यानं केलं त्याचं, कार्ड कुणाचंही असो. जगभरचे नियम बारीक अक्षरांत वाचणाऱ्या बाईला स्वतः लावलेली रीत मात्र उलटून वाचायचं सुचलं नाही.

शिध्याच्या कचेरीत त्या दोघी मंगळवारी गेल्या. टोकन त्रेसष्ट. खुर्च्या जमिनीला बोल्टनं ठोकलेल्या, जणू गरीब माणूस आल्यावर आधी खुर्ची उचलून पळतो. काउंटरला सुतळीनं बांधलेलं पेन. पलीकडे गळ्यात साखळीचा चष्मा घातलेली कारकून बाई. वकीलीण तिला चष्मेवाली म्हणायची. दोघींचं जुनं वैर. मागच्याच महिन्यात एका म्हाताऱ्याच्या अर्जावरून वकीलिणीनं तिला साहेबांसमोर खोटं पाडलं होतं आणि ते पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगितलं होतं.

"या, आलात," चष्मेवाली म्हणाली. "आज कुणाचं?"

"आज घरचं." वकीलिणीनं कागद सरकवले. "माझी भाची. कार्डावर नाव घालायचंय. वीस तासांच्या वर काम आहे, लाँड्रीच्या ऑफिसचं पत्र जोडलंय."

ते पत्र बंद पाकिटात होतं. वकीलिणीनं ते उघडलं नव्हतं. उघडायची गरजच काय? चोवीस तास तिनं डोळ्यांनी पाहिले होते.

चष्मेवालीनं पाकीट फोडलं, चष्मा नाकावर चढवला. "चौदा."

"काय चौदा?"

"तास. गेल्या आठ आठवड्यांची सरासरी. हजेरीच्या कार्डांवरून काढलीय, हे बघा."

वकीलिणीनं बघितलं. भाचीनं बघितलंच नाही. ती सुतळीला बांधलेल्या पेनाकडे बघत राहिली. त्या एका क्षणात वकीलिणीला सगळं उमगलं. दोन संध्याकाळी, पाच-पाच तास. चोवीसातून दहा गेले.

"पत्र चुकलंय," ती म्हणाली.

"मग दुरुस्त करून आणा. तेव्हा कामावर होती असं तुमच्या मुकादमानं लिहून दिलं की झालं."

आणि तेच तर होणार नव्हतं. खरं लिहून मागायचं तर उसनी हजेरी उघडी पडणार. रेडिओकाकू जाणार, भाची जाणार, वकीलीण जाणार आणि तिच्यामागून निम्मं तळघर. आयुष्यात पहिल्यांदा या काउंटरवर तिच्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की तिचा आवाज चढायचा.

"म्हणजे ही पोरगी खोटं बोलते?"

"मी तसं म्हटलं का? तुम्ही ऐकून घ्या. तासांचं जमत नसेल तर हिच्या कॉलेजचं..."

"कॉलेजचं नाव काढू नका! तुम्हाला हेच हवंय. गरिबाच्या पोरीनं शिकू नये!"

"अहो बाई, मी सांगतेय की प्रॅक्टिकल..."

"मला शिकवायचं नाही!" आता सगळी रांग बघत होती. "ही पोरगी सकाळी शिकते, दुपारी तुमच्यासारख्यांचं रक्त तपासते, रात्री तुमच्या चादरी धुते. आणि तुम्ही तिला विचारता, तू भुकेली आहेस याचा पुरावा काय! तुमच्या जेवणाच्या डब्याचा पुरावा मागितलाय का कधी कुणी? सरकारी धान्य तुमच्या बापाच्या कोठारातलं आहे का?"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. "बरोबर बोलली मावशी!" एक म्हातारा काठी आपटून म्हणाला. बघता बघता अर्धी कचेरी टाळ्या वाजवत होती. चष्मेवालीचा चेहरा पडला. तिनं चष्मा काढला आणि कागद एकावर एक ठेवून परत सरकवले.

वकीलिणीनं ते उचलले. "या दारात परत पाय ठेवला तर नाव सांगणार नाही!"

बाहेर जिन्यावर भाची म्हणाली, "मावशी, ती काहीतरी सांगत होती."

"ती काय सांगणार, कपाळ! चल."

त्या संध्याकाळी तळघरात ती गोष्ट वाफेसारखी पसरली. वकीलिणीनं ती तीनदा सांगितली, प्रत्येक वेळी टाळ्या थोड्या वाढल्या. रेडिओकाकूनं तर "बापाचं कोठार" हे वाक्य पाठच केलं. चौदा तासांचं कुणाला सांगितलं नाही. रेडिओकाकूला तर मुळीच नाही. तिचे टाके अजून ओढत होते.

पुढचे दोन महिने त्या खोलीत एक नवीन खोटं राहायला आलं. "मी लाँड्रीत खाल्लं गं, बायकांनी आणलं होतं," असं मावशी सांगायची. "माझं कॉलेजात झालं," असं भाची सांगायची. मग दोघी पातेल्यात उरलेला भात एकमेकींकडे ढकलायच्या. सकाळी तो तसाच असायचा आणि मग तोच दोघींचा डबा व्हायचा. वकीलिणीनं इतरांचे अर्ज लिहिणं थांबवलं नव्हतं. कचेरीत मात्र ती त्यांना एकटं पाठवायची. शब्दाची पक्की होती ना!

एकदा प्रॅक्टिकलला पोरीकडून एका बाईच्या दंडात सुई दोनदा चुकली. बाई किंचाळली. सरांनी विचारलं, जेवून आली आहेस का? पोरगी म्हणाली, हो. सरांनी तिला आठवडाभर रोग्यांपासून लांब, काचा धुवायला बसवलं. हे वकीलिणीला फार नंतर कळलं. तिला आधी कळलं ते दुसरंच, आणि तेही मुकादमाच्या तोंडून.

"तुमची भाची सोमवारपासून कायम. पूर्ण पाळी," तो म्हणाला. "चांगलं केलंत. शिकून कुणाचं भलं झालंय?"

वकीलीण घरी गेली ती पायात वादळ घेऊन. "कुणाला विचारलंस?"

भाची वह्या खोक्यात भरत होती. "पोटाला."

"कॉलेज?"

"नाव काढलं आज."

"अगं एक वर्ष राहिलं होतं! मी मेले होते का?"

"तूही जेवत नाहीस, मावशी," पोरगी म्हणाली, आवाज न चढवता. "मला दिसत नाही का?"

वकीलीण रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली आणि सकाळी उठून नेहमीसारखी कामाला गेली. पहिला पूर्ण पगार आला तेव्हा भाचीनं अंडी आणली, दूध आणलं, मावशीला अशक्तपणाचं औषध आणलं. दोघी पोटभर जेवल्या. घासाघासाला वकीलिणीला वाटत होतं, आपण या पोरीचं काहीतरी खातोय.

तीन महिन्यांनी एका सकाळी खोलीच्या दारात एक मुलगी आली. भाचीच्याच कॉलेजची, एक वर्ष मागची. बापाच्या पेन्शनचा अर्ज लिहून हवा होता. लिहिता लिहिता वकीलिणीनं सहज विचारलं, "खाण्यापिण्याचं कसं भागतं तुमचं?"

"शिध्याचं कार्ड आहे ना मला."

वकीलिणीचं पेन थांबलं. "तू काम करतेस? वीस तास?"

"छे! वेळ कुठे? प्रॅक्टिकल धरतात ना त्यात. दवाखान्यातले तास कामाचे तास म्हणून धरतात, कॉलेजनं पत्र दिलं की झालं. त्या काउंटरवरच्या बाईंनीच सांगितलं मला, चष्म्याच्या साखळीवाल्या. फार चांगल्या आहेत हो."

पेन्शनचा अर्ज त्या दिवशी अर्धाच राहिला. मुलीला उद्या ये सांगितलं.

संध्याकाळी पाळीवर मावशी आणि भाची मोठ्या चादरींच्या घड्यांवर होत्या. हे काम दोघींचं. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायचं, झटकायचं, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक जोडायचं, परत मागे जायचं. वकीलिणीनं सकाळपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. पहिल्या चादरीला जमलं नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला टोकं जुळली तेव्हा ती म्हणाली, "ती बाई त्या दिवशी प्रॅक्टिकलचंच सांगत होती."

"माहीत आहे."

दोघी मागे गेल्या. चादर ताणली, झटकली. पुन्हा पुढे आल्या.

"कसं माहीत?"

"मी दुसऱ्या दिवशी गेले होते. एकटी."

वकीलिणीच्या हातून टोक सुटता सुटता राहिलं.

"त्यांनी सगळं समजावलं. फॉर्म पण दिला. तो भरून द्यायला दहा दिवस होते. कॉलेजचं पत्र चार दिवसांत मिळालं मला."

"मग?"

"कार्ड तुझ्या नावावर आहे. सही तुझी लागत होती, आणि ती तिथे येऊन करायची, त्यांच्यासमोर."

"मग मागायची होतीस! गरज पडली असती तर ओढत न्यायचं होतंस मला!"

"तीनदा फॉर्म बाहेर काढला." भाची घडी घातलेली चादर चळतीवर ठेवून दुसरी उचलायला वाकली. "पहिल्यांदा काढला तेव्हा तू रेडिओकाकूला टाळ्यांचं सांगत होतीस. किती खूश होतीस तू! दुसऱ्यांदा तू म्हणालीस, त्या बाईचं तोंड बघायचं नाही. तिसऱ्यांदा मला वाटलं, सही करायला आलीस तर आधी तुला तिची माफी मागावी लागेल. आणि ते मला बघवणार नव्हतं."

"माझी माफी तुझ्या शिक्षणापेक्षा मोठी होती का गं?"

"मला काय माहीत?" भाचीनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "तुलाच विचारायची भीती वाटत होती."

मागे मुकादम कुणावर तरी ओरडत होता. सुकवणी यंत्राचं दार धाडकन बंद झालं. वकीलिणीनं नव्या चादरीची दोन टोकं हातात घेतली.

"उद्या जाते मी तिच्याकडे," ती शेवटी म्हणाली. "पाय धरते. अजून काही होत असेल तर..."

"त्यांच्या हातात काही नाही आता. मी कॉलेजलाच विचारून आले. नाव काढलं की परत पहिल्या वर्षापासून, फी भरून."

"मग पहिल्यापासून कर. मी आहे."

"बघू."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. वकीलिणीला रागाशी भांडता येत होतं. साहेबाशी, कारकुनाशी, मुकादमाशी, कुणाशीही. पण हे 'बघू' असं होतं की त्यात भांडायला जागाच नव्हती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. दुसऱ्यांचे शेकडो अर्ज तिनं लिहिले होते, पण हे दोन शब्द तिनं कधी कुणासाठी लिहिले नव्हते आणि स्वतःसाठी बोललेही नव्हते. ते अगदी लहान, उघडे वाटले.

भाचीनं आपली टोकं एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं मावशीच्या मुठीतून निसटत चाललेली कडा सरळ केली आणि मागे पाऊल टाकलं. चादर ताणली गेली. अजून चाळीसेक उरल्या होत्या.